स्टॉप कुणी म्हणायचं

फौजेत राहिलेला माणूस आठवणी सांगायला लागला की लोक खुर्ची पुढं ओढून बसतात. आता हा बर्फाचं सांगणार, बॉर्डरचं सांगणार, गोळी कुठून आत गेली आणि कुठून बाहेर आली ते शर्ट वर करून दाखवणार. तर तुमची खुर्ची आहे तिथंच राहू द्या. या प्रकरणात शत्रू येत नाही. माझ्या अंगावर खूण आहे ती एकच, आणि ती इगतपुरी स्टेशनात उकळत्या चहाची किटली मांडीवर सांडल्याची आहे. बाकी जे काही झालं ते नाशिक रोडपासून हाकेच्या अंतरावर झालं, आणि त्यात मुख्य गोष्ट अशी की मला तिथून पळून जायचं होतं. पळालो नाही हे तुम्हाला कळलंच असेल. पळालो असतो तर ही पेन्शन कुठून आली असती, आणि दुपारचं तुम्हाला हे ऐकवत बसायला वेळ तरी कुठला मिळाला असता.

आमचं घर म्हणजे इगतपुरीचं रेल्वे क्वार्टर, रुळांना इतकं लागून की मालगाडी गेली की मांडणीवरची ताटं आपोआप वाजायची. आबा शंटिंगमध्ये, यार्डात डबे जोडणाऱ्या-सोडणाऱ्यांत होते. त्या काळी मुंबईच्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन आमच्याकडं बदलायचं, त्यामुळं कितीही रुबाबाची गाडी असो, तिला आमच्या गावात मुकाट उभं राहावं लागायचं. एक इंजिन सुटून दुसरं लागेपर्यंत जो वेळ जायचा तो सगळा गाव विकून खायचा. चहावाले, वडेवाले, काकडीवाले, पावसाळ्यात भाजलेली कणसं. प्रत्येकाची हाक वेगळी. एक म्हातारा चहावाला नाकातून ओढून "चाय" म्हणायचा ते गाडीच्या शिट्टीसारखं लांबत जायचं. माझं शिक्षण खरं तर त्या फलाटावर झालं. शाळेत मी काय शिकलो ते मास्तरांनाही सांगता आलं नसतं, पण बाराव्या वर्षी मी डोळे मिटून फलाटावरच्या कुठल्याही फेरीवाल्याचा आवाज काढायचो. गार्डाचा काढायचो. आईचा काढायचो, आणि आबा आतून "आलो गं" म्हणायचे. एकदा हेडमास्तरांच्या आवाजात खिडकीबाहेरून "वर्ग सोडा" म्हणालो आणि दोन वर्ग घरी गेले. त्याचा मार अजून पाठीत आहे, पण ते दोन वर्ग घरी जाताना जे दिसत होते ते बघायला मी पुन्हा मार खाल्ला असता.

आईच्या हातची तांदळाची भाकरी, त्यावर सुक्या बोंबलाची लाल चटणी, आणि भात तर आमच्याकडं तिन्ही वेळेला. बाहेर सारखा पाऊस, घरात ओल्या कपड्यांचा आणि चुलीचा वास. आबा ड्यूटीवरून आले की आधी बावटे कोपऱ्यात उभे करायचे, एक हिरवा एक लाल, आणि मग जेवायला बसायचे. त्यांचं बोलणं कमी. दिवसभर शिट्टीनं आणि हातानं बोलणारा माणूस, तोंड त्यांना जेवायलाच लागायचं. मी जेवताना सगळ्या गावाचे आवाज काढून दाखवायचो, आई हसून ठसका लागेपर्यंत. आबा हसायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "भास्कऱ्या, सगळ्यांचं ऐकलं. आता तुझा काढ." मी म्हणालो, माझा काय ऐकायचा, तो रोजचाच आहे.

त्या वेळी नाशिकला ऑर्केस्ट्रा जोरात होता. गणपतीत प्रत्येक मंडळाला पाहिजे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये मिमिक्रीवाला पाहिजे. एका ऑर्केस्ट्राच्या मालकानं माझं ऐकून घेतलं होतं आणि येत्या गणपतीत स्टेजवर उभा करतो म्हणाला होता. मी चमकीचं जाकीट कुणाचं मागून आणायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आणि त्याच महिन्यात घोटीचा सोपान माझ्याकडं आला. सोपान म्हणजे माझा शाळेतला बाकावरचा जोडीदार. घरी भाताची शेती, उंच, खांदे दाराएवढे, आणि स्वभाव असा की वासरानं लाथ मारली तरी त्यालाच सॉरी म्हणेल. भरती होती आणि त्याला एकट्याला जायची भीती वाटत होती. मी सोबत म्हणून गेलो. रांगेत त्याचा कंटाळा जावा म्हणून मीही उभा राहिलो. छाती फुगवा म्हणाले, फुगवली. पळा म्हणाले, पळालो. संध्याकाळी त्यांनी यादी वाचली तर दोघांचीही नावं. सोपान रडायला लागला, आनंदानं. मीही रडलो. कारण वेगळं होतं, पण आईनं दोघांनाही एकच साखर भरवली.

तोफखान्याचं केंद्र नाशिक रोडच्या बाजूला. म्हणजे माझ्या घरून पॅसेंजरनं एवढंसं. मी मनात म्हणालो, ठीक आहे, आठवड्याला घरी येऊ, ऑर्केस्ट्राही करू. फौज म्हणजे काय याची माझी समज एवढीच होती. आत गेल्यावर पहिल्यांदा केस गेले. मग कपडे गेले. मग सरकारनं एकेक वस्तू द्यायला सुरुवात केली, बूट, टोपी, मग्गा, सतरंजी, कांबळं, आणि प्रत्येक वस्तूवर नंबर. शेवटी मलाही नंबर. संध्याकाळी बरॅकच्या पायरीवर बसलो की गाडीचा आवाज यायचा. ती कुठली गाडी, डबे किती भरलेले, घाट चढून आलीय की उतरायला चाललीय, मला आवाजावरून कळायचं. उतरणारी असली तर ती अजून थोड्या वेळात आमच्या क्वार्टरपुढं उभी राहणार, आमची ताटं वाजणार, आणि मी मात्र इथं तारेच्या आत. लांब कुठं राजस्थानात टाकलं असतं तर सवय झाली असती. घर ऐकू येतंय आणि जाता येत नाही, हा जाच ज्यानं काढलाय त्यालाच कळेल. सोपानला हे समजायचं नाही. तो म्हणायचा, "भास्क्या, हितं रोज डाळ, रोज भाजी, महिन्याला चिकन. तुला झालंय काय?"

आमच्या स्क्वॉडचे उस्ताद एक हवालदार होते. उस्ताद म्हणजे रंगरुटांना, नव्या भरतीच्या पोरांना, शिकवणारा, आणि तुमच्या उठण्यापासून झोपण्यापर्यंत देवाच्या खालोखाल तोच. आमचे उस्ताद सटाण्याकडचे आहेत असं कुणीतरी म्हणालं होतं, पण त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द आम्ही ऐकला नव्हता. स्क्वॉडमध्ये पंजाबचे होते, तमिळ होते, यूपीचे होते, म्हणून उस्ताद सगळ्यांशी हिंदी बोलायचे, तीही कवायतीची हिंदी, जिथं प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज कडक इस्त्रीसारखा उभा राहायचा. ठेंगणे, काळे, मिशा कातरलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला तोफेपुढं उभं केलं आणि सांगितलं की बाकीच्या पलटणींना झेंडा असतो, तोफखान्याला तोफ हाच झेंडा. तिला टेकायचं नाही, तिच्यावर बसायचं नाही, तिला सोडून जायचं नाही. मी नेमका तेव्हा तिच्या चाकाला टेकून उभा होतो. फौजेत शिक्षेला रगडा म्हणतात. पहिला रगडा मी झेंड्याला टेकल्याबद्दल खाल्ला.

नाम, नमक, निशान, हेही त्यांनीच शिकवलं. पलटणीचं नाव राखायचं, ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायचं, निशाण पडू द्यायचं नाही. मी मागच्या रांगेतून हळूच म्हणालो की लंगरच्या डाळीत नमक टाकाल तर जागू. लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. रांग हसली. उस्तादांनी मला पुढं बोलावलं आणि पुढचा आठवडाभर लंगरात डाळ ढवळायला लावली, मीठ माझ्याच हातानं. त्या आठवड्यात डाळ पहिल्यांदा खारट झाली आणि सगळ्या बरॅकनं माझ्याशी बोलणं टाकलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी अशी शिकवली की मला ती खोटीच वाटली. तोफेवर काम चालू असताना कुणाला धोका दिसला तर त्यानं "स्टॉप" ओरडायचं. कुणीही. अफसर असो, रंगरूट असो, चहा घेऊन आलेला लंगरचा कुक असो. स्टॉप ऐकला की सगळ्या तोफा जागच्या जागी थांबणार, मग कितीही मोठ्या साहेबाचा हुकूम का असेना. आणि ओरडणारा चुकला तरी त्याला सजा नाही. मी विचार केला, जिथं नाक खाजवायला परवानगी लागते तिथं मला सगळ्या तोफा थांबवायची परवानगी आहे. दुसऱ्याच क्षणी वाटलं की असल्या हुकमाला कोण विचारतं. रंगरुटाचं कुणी ऐकतं का.

मी बाहेर पडायच्या युक्त्या करून बघितल्या. डावीकडं वळ म्हटलं की उजवीकडं वळलो. गुडघा दुखतो म्हणालो, तर डॉक्टरनं जी गोळी तापाला देतात तीच दिली आणि परत पाठवलं. नापास होऊ लागलो, म्हटलं कंटाळून घरी पाठवतील. जरनैल नावाचा पंजाबी पोरगा शेजारच्या खाटेवर होता, त्यानं मला एके दिवशी समजावलं की इथं नापास झालेल्याला घरी पाठवत नाहीत, मागच्या बॅचमध्ये टाकतात. म्हणजे तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून. जेवढं वाईट करशील तेवढं जास्त राहशील. मी त्या रात्री जेवलोच नाही. असा पिंजरा मी जन्मात बघितला नव्हता, ज्याचं दार धडका मारल्या की आणखी घट्ट होतं.

रविवारी आबा भेटायला आले. फडक्यात भाकरी, चटणी. गेटाजवळच्या झाडाखाली बसलो आणि मी एका दमात सगळं सांगितलं, जाकिटापर्यंत. मला घेऊन चला म्हणालो. आबांनी भाकरीचं फडकं सोडून माझ्यापुढं सारलं. मग म्हणाले, "यार्डात गाडी अडकली तर आम्ही तिला मागं नाय ढकलत. मागं दुसरी उभी असती. पुढचा रस्ता मोकळा करून पुढनंच काढतो. तुला भाईर यायचंय ना, मग पुढनं ये." भाकरीचं फडकं घडी करून खिशात घातलं आणि पॅसेंजर चुकेल म्हणून उठले. मला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी डावीकडं म्हटलं की डावीकडं वळायला लागलो. आता मला वेळेवर पास होऊन कसम, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटची शपथ, खायची होती, आणि कसम झाली की सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे घर. मागच्या बॅचमध्ये पडलो तर मेलो, एवढंच डोक्यात.

पण आवाज काही सुटले नाहीत. ते खाज सुटावी तसे यायचे. दुपारी आम्ही पितळ घासत बसायचो. तोफेच्या गोळ्याची पितळी केस, म्हणजे बार झाल्यावर मागं उरणारी नळकांडी. सरावाच्या त्या रिकाम्या केसा घासून घासून त्यात तोंड दिसलं पाहिजे असा उस्तादांचा हट्ट. केस मातीत पडलेली दिसली की त्यांच्या डोक्यात जायचं. सोपाननं एकदा केस चिखलात ठेवली तर त्याला ती छातीशी धरून मैदानाभोवती पळवलं होतं, तान्ह्या पोरासारखी. त्यानंतर सोपानला जमिनीवरची केस बघवायचीच नाही. जेवता जेवता उठून उचलायचा. तर असे आम्ही घासत बसलेले, आणि मी मागून उस्तादांच्या आवाजात, "लाइन में खड़े हो जाओ." सगळे ताडकन उभे. एक तमिळ पोरगा तर केसेवरून घसरून पडला. असं मी दोनतीनदा केलं. मग हळूहळू ते शहाणे झाले. पाठीमागून उस्तादांचा आवाज आला की आधी मान वळवून बघायचे, मी तिथं आहे का. मी असलो की एखादी शिवी हासडून परत घासायला लागायचे.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी उस्ताद खरोखरच मागून आले आणि म्हणाले, लाइन में खड़े हो जाओ. मी तिथंच मागं बसलेलो. कुणी ढिम्म हललं नाही. जरनैल मागं न वळता म्हणाला, "ओए भास्कर, आज गला बैठ गया तेरा?" उस्ताद दारात तसेच उभे. त्यांनी आधी जरनैलकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं ते त्यांच्या मिशीवरून दिसलं. त्या दुपारी सगळ्या स्क्वॉडनं पाठीवर बोजा बांधून जो रगडा खाल्ला त्याबद्दल मी सांगत नाही. शेवटी उस्तादांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. आवाज अगदी शांत. पुन्हा माझ्या आवाजात बोललास तर मागच्या बॅचमध्ये जाशील, एवढं हिंदीत म्हणाले आणि गेले. मी त्या दिवसापासून त्यांचा आवाज बंद केला. दुसऱ्या कुणाचाही. मग लक्षात आलं की मला बोलायलाच येत नाहीये. स्वतःच्या आवाजात बोलायला लागलं की मला कुणी अनोळखी बोलतंय असं वाटायचं, म्हणून मी गप्पच राहायला लागलो. आता माझी नात म्हणते, आजोबा, तुम्ही गप्प कसे राहू शकला असाल. तिला काय सांगणार.

शेवटी फायरिंगचा दिवस आला. डोंगराच्या पायथ्याशी चार तोफा रांगेत. उजवीकडून एकेक तोफ बार काढणार, आमच्या स्क्वॉडची डावीकडची शेवटची. त्या दिवशी तोफेवर सगळे रंगरूटच होते, कारण तीच परीक्षा. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो. नंबर एक म्हणजे तोफेचा मालक, तो हात वर धरतो, आपली पाळी आली की हात खाली आणतो, आणि बार होतो. आमचा नंबर एक जरनैल होता. सोपान गोळा आत सारणाऱ्यात. मी सगळ्यांच्या मागं, दारूगोळ्याजवळ. उस्ताद लांब, पुढं उजव्या बाजूला, साहेबांच्या जवळ उभे. कानात कापूस. वारा होता. तोफ सुटली की तिची नळी जोरात मागं येते, तिच्या मागच्या पट्ट्यात कुणी उभं राहायचं नाही, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आमच्या तोफेचा पहिला बार झाला होता. तिच्यातून निघालेली केस मागं पडून मातीत लोळत होती, धूर येत असलेली. दुसरा गोळा भरला, तोफेचं मागचं दार बंद झालं, सगळे बाजूला झाले, जरनैलचा हात वर. पहिली तोफ वाजली, दुसरी वाजली. आणि मी बघतो तर सोपान वळला, केस मातीत पडलेली त्याला दिसली, आणि तो शांतपणे, जेवणातून उठायचा तसा, पट्ट्यात शिरून ती उचलायला वाकला. जरनैलचं तोंड पुढं. तिसरी तोफ वाजली.

मी ओरडलो. "स्टॉप." पण तोंडातून माझा आवाज निघालाच नाही. निघाला तो उस्तादांचा, जसाच्या तसा, शेवटी इस्त्री मारलेला. मी असं ठरवलं नव्हतं. घाबरल्यावर माणूस ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याकडं धावतो, मी आवाजानं धावलो असेन. बाकीच्या तिन्ही तोफा जागच्या जागी थिजल्या, हातातले गोळे हातातच. लांबवर उस्तादांनी झटक्यात मान वळवली, स्वतःचाच आवाज दुसरीकडून आल्यावर माणसाचं तोंड होतं तसं तोंड झालेलं. फक्त आमच्या तोफेवर, जिथं मला सगळे ओळखत होते, तिथं जरनैलला उस्ताद समोर लांब उभे दिसत होते आणि त्यांचा आवाज पाठीमागून आलेला. त्याच्या गालावर हसू आलेलं मी बघितलं. हा नालायक आजही सुटत नाही, असं ते हसू. हात तसाच वर. आता खाली येणार.

"सोपान्या, मागं सर. मागं सर ना रे, मरशील."

तो आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. पातळ, फाटलेला, शेवटी चिरकलेला, इगतपुरीच्या फलाटावर हरवलेलं पोर ओरडतं तसा. कुणाचाच नव्हता तो. जरनैलला मराठी येत नव्हती. पण माझे सगळे आवाज पाठ असलेल्या त्या पोरानं हा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि त्याचा हात वरच राहिला. राहिला म्हणजे नंतर आम्ही धरून खाली आणला. सोपान केस छातीशी धरून बाजूला येऊन उभा. त्याला अजून काय झालं ते कळलं नव्हतं. केस गरम होती, त्याच्या शर्टाला डाग पडला होता.

साहेब आले, मागोमाग उस्ताद. स्टॉप कुणी दिला, साहेबांनी विचारलं. सगळी रेंज उस्तादांकडं बघायला लागली, कारण आवाज त्यांचा होता हे चारही तोफांनी ऐकलं होतं. मी हो म्हणालो तर मागची बॅच, हे मला चांगलं ठाऊक होतं. समोर घर होतं, सुट्टी होती. पण उस्तादच आधी बोलले. मी दिला नाही साहेब, माझ्या एका रंगरुटानं दिला, माणूस मागं होता, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी सोपानच्या शर्टाकडं बघितलं, मातीतल्या खुणेकडं बघितलं, आणि म्हणाले, ठीक है, फिर से तैयार करो. एवढंच. पुढं कुणी काही विचारलं नाही. आज इतक्या वर्षांनी मला त्या फौजेचं सगळ्यात काय आवडतं असं कुणी विचारलं तर ते परेडचं नाही सांगणार मी. एका पोराच्या ओरडण्यावर चार तोफा थांबल्या आणि का थांबवल्या म्हणून कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही, ते सांगेन.

अंगावर आले ते उस्ताद, फायरिंग संपल्यावर. मला दारूगोळ्याच्या गाडीमागं नेलं. मी सावधानमध्ये. "स्टॉप की सजा नहीं है," ते म्हणाले. "ये आवाज की सजा है. स्टॉप बोल." मी स्टॉप म्हणालो. भीतीनं पुन्हा त्यांचाच निघाला. त्यांनी पायाजवळचा खडा उचलून माझ्या बुटावर मारला. "ये मेरा है. फिर बोल." बोललो. पुन्हा खडा. मग मी साहेबांचा काढला, मग जरनैलचा, मुद्दाम नाही, माझ्या गळ्यात माझं काही सापडेचना. खड्यांनी बूट पांढरा झाला. शेवटी घसा बसला, आणि बसलेल्या घशातून ते चिरकं, फाटकं काहीतरी आलं. उस्तादांचा हात खडा घेऊन तसाच थांबला.

मग ते माझ्या अगदी जवळ आले. त्यांच्या तोंडची इस्त्री गेली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरची बोली ऐकली, सटाण्याकडची, माझ्याला मना, आहेला शे, इथंला आठे म्हणणारी, आणि आवाज इतका वेगळा, इतका घाबरलेल्या बापासारखा की मी पुढं आयुष्यभर कुणाकुणाचे आवाज काढले, तो एक कधी काढला नाही.

"मना आवाज कसाले, गधडा? तो आठे खेळ शे असं वाटनं जरनैलले. तुना सोपान मरी जाता." खडा त्यांनी माझ्या हातात दाबला, जोरात, हात दुखेपर्यंत. "बूट सरकारना शे, टोपी सरकारनी शे, मग्गा सरकारना शे. आठे तुनं फक्त एकच शे. पुढला टाइमले पहिला तोच काढ."